‘फाइन’ म्हणजे छान नव्हे

शाळेत ‘हाउ आर यू?’चं उत्तर ‘आय ॲम फाइन, थँक यू’ असं पाठ करून घेतलं गेलं आणि ‘फाइन’ म्हणजे छान, मजेत, उत्तम हा अर्थ तेव्हाच डोक्यात पक्का बसला. पुढे मराठीनेही हा शब्द त्याच अर्थाने घरात घेतला. सुतार नव्या कपाटावरून हात फिरवून ‘एकदम फाइन झालंय साहेब’ म्हणतो, तेव्हा तो कामाचं कौतुकच करत असतो. मराठीतला फाइन तसाच आहे, त्याला कुणी हात लावायचं कारण नाही. घोळ होतो तो हाच फाइन उचलून इंग्रजी वाक्यात ठेवला की. हिंजवडीच्या ऑफिसात, खराडीतून लंडनला लागलेल्या कॉलवर, किंवा मुलाकडे परदेशी गेल्यावर त्याच्या शेजाऱ्यांशी बोलताना जो ‘फाइन’ कानावर पडतो, तो बहुतेक वेळा ‘छान’ नसतो. तो असतो आपला ‘चालेल’.

खालच्या पायऱ्या याच क्रमाने घ्या. पहिल्या तीन रोजच्या बोलण्यातल्या आहेत आणि खरा वेळ त्यांनाच द्यायचा आहे. बारीक, शुद्ध, दंड हे अर्थ त्यामानाने सरळ आहेत, ते मागून येतील.

पायरी १: कौतुकातून ‘फाइन’ काढून टाका

सहकाऱ्याने प्रेझेंटेशन दिलं, तुम्हाला मनापासून आवडलं आणि तुम्ही म्हणालात, ‘युअर प्रेझेंटेशन वॉज फाइन.’ तुमच्या मनात ‘छान झालं’. समोरच्याने ऐकलं, ‘ठीक होतं, निभावलं.’ तो ‘थँक्स’ म्हणेल आणि घरी जाऊन विचार करत बसेल की नेमकं कुठे कमी पडलं. जेवणाचंही तसंच. यजमानीणबाईंनी दिवसभर खपून रांधलं आणि पाहुणा म्हणाला, ‘द फूड वॉज फाइन.’ आजीच्या पुरणपोळीला ‘हं, खाण्यासारखी झालीय’ म्हणून बघा, म्हणजे त्या वाक्याचं वजन कळेल.

म्हणून कौतुक करायचं असेल तेव्हा दुसरा शब्द घ्या. कामाला ‘ग्रेट’, ‘एक्सलंट’, ‘रिअली गुड’. जेवणाला ‘डिलिशस’. घर, साडी, बागेतली फुलं यांना ‘लव्हली’ किंवा ‘ब्यूटिफुल’. आणि शक्य असेल तर नेमकं काय आवडलं ते एका वाक्यात सांगा: ‘आय लाइक्ड द वे यू एक्सप्लेन्ड द थर्ड चार्ट.’ पुणेकरांना कौतुक करायला तोंड उघडवत नाही असं बाहेरचे म्हणतात. निदान इंग्रजीत तरी तो आळ शब्दाच्या निवडीमुळे येऊ नये.

आता याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. ‘फाइन’ नामाच्या आधी लागला की चित्र बदलतं. ‘अ फाइन स्पीच’, ‘अ फाइन सिंगर’, ‘वन ऑफ द फाइनेस्ट वायोलिनिस्ट्स ऑफ हर जनरेशन’ ही भरघोस स्तुती आहे, थोडी भारदस्त, वर्तमानपत्री वळणाची. म्हणजे ‘शी इज अ फाइन सिंगर’ म्हटलं तर ती उत्तम गायिका. ‘हर सिंगिंग वॉज फाइन’ म्हटलं तर गाणं बरं झालं, एवढंच. शब्द एकच, जागा बदलली की किंमत बदलते. लक्षात ठेवायला सोपं: नामाच्या पुढ्यात फाइन वर चढतो, ‘इज’ आणि ‘वॉज’च्या मागे खाली उतरतो.

यालाही उलटं करणारा एक प्रकार आहे. ‘दॅट्स अ फाइन मेस यू हॅव मेड!’ यात फाइन नामाच्या आधी आहे, पण स्तुती कसली, टोमणा आहे. आपण ‘छान दिवे लावलेस’ म्हणतो तोच सूर. ‘छान’ला मराठीत जी दुहेरी धार आहे, तीच इथे फाइनला आहे.

पायरी २: शेजारी काय बसलंय ते बघा

फाइनचा रोजचा अर्थ त्याच्या आगेमागे असलेल्या दोन-तीन छोट्या शब्दांवर ठरतो. हे शब्द ऐकताना निसटतात, कारण बोलणारा ते गिळून टाकतो.

‘दॅट्स फाइन.’ कुणीतरी काही सुचवलं, तुम्हाला मान्य आहे. मीटिंग तीनऐवजी साडेतीनला घेऊ का? दॅट्स फाइन. चालेल.

‘इट्स फाइन.’ कुणीतरी माफी मागितली, किंवा काहीतरी किरकोळ बिघडलं. बसमध्ये कुणाचा पाय पायावर पडला, ‘सॉरी’ म्हणाला. इट्स फाइन. असू दे. इथे ‘चालेल’ म्हटलं तर मराठीत विचित्र वाटेल, म्हणून हे दोन वेगळे धरायचे.

‘आय ॲम फाइन विथ दॅट’ किंवा ‘फाइन बाय मी.’ माझी हरकत नाही. यातलं दुसरं जास्त सैल, मित्रमंडळींतलं. ऑफिसच्या मेलमध्ये पहिलं बरं दिसतं.

आणि आता सगळ्यांत जास्त फसवणारं. कुणी विचारलं, ‘वुड यू लाइक सम टी?’ तुम्ही उत्तर दिलं, ‘आय ॲम फाइन.’ तुमच्या मनात कदाचित ‘हो, चालेल की’ असेल. समोरचा चहाची किटली परत घेऊन जाईल. कारण काही देऊ केल्यावर नुसतं ‘आय ॲम फाइन’ म्हणजे ‘नको, माझं भागलंय’. अमेरिकेत याच जागी ‘आय ॲम गुड’ म्हणतात, अर्थ तोच. चहा हवा असेल तर ‘येस, प्लीज’ म्हणा. चहा की कॉफी यातलं एक निवडायचं असेल तर ‘टी इज फाइन’ म्हणा. ‘आय ॲम फाइन’ आणि ‘टी इज फाइन’ या दोन वाक्यांत एका चहाचा फरक आहे.

आपल्याकडे पहिल्यांदा ‘नको नको’ म्हणायचं, मग यजमानाने आग्रह करायचा, मग ‘बरं, अर्धा कप’ म्हणायचं, अशी रीत आहे. ‘आय ॲम फाइन’ म्हणून तिसऱ्या आग्रहाची वाट बघत बसाल तर ती बहुतेक ठिकाणी येणार नाही. तिथे नकार हा नकार असतो. हवं असेल ते पहिल्याच विचारण्यात सांगून मोकळं व्हावं.

प्रश्न विचारताना फाइन चांगला उपयोगी पडतो, आणि इथे त्याला बिनधास्त वापरा. ‘इज फोर ओ’क्लॉक फाइन फॉर यू?’, ‘वुड ट्यूजडे बी फाइन?’ यात सभ्यपणा आहे, आदेश नाही. मात्र शिकवताना दर वाक्याच्या शेवटी ‘फाइन?’ असं विचारायची जी सवय आपल्याकडे अनेक शिक्षकांना असते, ती परक्या श्रोत्याला खटकते. तिथे ‘ओके सो फार?’ किंवा ‘डझ दॅट मेक सेन्स?’ जास्त सहज वाटतं.

पायरी ३: एकट्या ‘फाइन’ला जपा

मेसेजमध्ये कुणी एवढंच लिहिलं: ‘फाइन.’ पूर्णविरामासकट. हे ‘चालेल’ नाही. हे ‘असो’ आहे.

पुण्यात वाढलेल्या माणसाला ‘असो’ समजावून सांगावं लागत नाही. वाद पुढे न्यायचा नाही, पण पटलेलंही नाही, आणि पटलेलं नाही हे समोरच्याला कळलंच पाहिजे, हे सगळं त्या दोन अक्षरांत मावतं. एकट्या, तुटक फाइनमध्ये हेच सगळं असतं. नवराबायकोच्या भांडणात ‘फाइन!’ म्हणून खोलीचं दार लागलं, तर तिथे काहीच फाइन नसतं.

लिहिताना ही अडचण जास्त, कारण आवाजाचा चढउतार दिसत नाही आणि सगळा भार त्या टिंबावर येतो. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला तर मोबाइलवरच्या मेसेजमध्ये ते वाचणाऱ्याला कमी मनापासूनचं वाटतं, असं त्यांना आढळलं. तेच उत्तर हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत असलं तर असा फरक दिसला नाही. म्हणजे दोष पूर्णविरामाचा नाही, मेसेजमध्ये तो मुद्दाम टाकलाय असं वाटण्याचा आहे.

उपाय साधा आहे. बॉसने रजा पुढे ढकलायला सांगितली आणि तुमची खरंच हरकत नसेल, तर ‘फाइन’ला एकटा सोडू नका. ‘दॅट्स फाइन, थँक्स फॉर लेटिंग मी नो’ असं लिहा. किंवा ‘दॅट्स टोटली फाइन’. त्याच्या जोडीला ‘दॅट्स’ आला, मागे चार शब्द आले की रागाची छटा निघून जाते. उलट तुम्हाला खरंच राग आला असेल तर तो ‘फाइन’मध्ये दडवू नका. ‘आय ॲम नॉट हॅपी अबाउट धिस, बट आय विल डू इट’ हे वाक्य कडक आहे, पण समोरच्याला तुमच्या मनात काय आहे ते शोधत बसावं लागत नाही. ऑफिसात याचा फायदाच होतो.

पायरी ४: तब्येतीच्या गोष्टी

‘हाउ आर यू?’ला ‘फाइन, थँक्स. हाउ अबाउट यू?’ हे उत्तर आजही चालतं. थोडं जुन्या वळणाचं वाटतं, पण चूक नाही. मात्र हा प्रश्न बऱ्याचदा प्रश्न नसतोच, आपल्या ‘काय, कसं काय?’सारखा असतो. त्याला गुडघेदुखीचा सविस्तर इतिहास सांगायचा नसतो.

इथे काही वाक्यं मराठीतून थेट उतरतात आणि कानाला टोचतात. ‘आर यू फाइन?’ हे त्यातलं एक. कुणी पडलं, धडपडलं, चेहरा उतरलेला दिसला तर ‘आर यू ओके?’ किंवा ‘आर यू ऑल राइट?’ विचारतात. दुसरं, ‘आय ॲम नॉट फीलिंग फाइन.’ बरं वाटत नसेल तर ‘आय ॲम नॉट फीलिंग वेल’ म्हणावं. तिसरं, ‘आय ॲम फाइनर टुडे.’ कालच्यापेक्षा आज बरं वाटतंय याला ‘आय ॲम फीलिंग बेटर टुडे’ म्हणतात. ‘ठीक’ या अर्थाच्या फाइनला तर-तम नसतं, तसं त्याला ‘व्हेरी’ही सहसा लागत नाही. जोर द्यायचा असेल तर ‘ॲब्सोल्यूटली फाइन’, ‘परफेक्टली फाइन’, ‘जस्ट फाइन’.

दुखण्यातून उठलेल्या माणसाबद्दल मात्र फाइन चपखल बसतो. ‘शी हॅड डेंग्यू लास्ट मंथ, बट शी इज फाइन नाऊ.’ बरी झाली, काळजी नको. पण ‘नाऊ’ विसरू नका. तसंच नुसतं ‘शी इज फाइन’ हे तरुण पोरांच्या अमेरिकी बोलीत ‘दिसायला भारी आहे’ अशा अर्थानेही वापरतात. ऑफिसात तो अर्थ चुकूनही ध्वनित व्हायला नको.

पायरी ५: बारीक, अचूक, शुद्ध

इथे फाइनचं दुसरं कुळ सुरू होतं आणि वर सांगितलेले बरेच नियम उलटतात. बारीक या अर्थाच्या फाइनला ‘व्हेरी’ लागतो, ‘फाइनर’ होतो, ‘फाइनेस्ट’ही होतो. बारीक रवा तो ‘फाइन सेमोलिना’. अप्पा बळवंत चौकात फाउंटन पेन घ्यायला गेलात तर निबवर इंग्रजी ‘एफ’ कोरलेलं असतं, ते फाइन. ‘ईएफ’ म्हणजे एक्स्ट्रा फाइन, त्याहून बारीक. मोठ्या टपोऱ्या अक्षरात लिहिणाऱ्याने मीडियम घ्यावं, ईएफने कागद खरवडल्यासारखं वाटतं.

स्वयंपाकात ‘फाइनली’ येतो: ‘फाइनली चॉप्ड अनियन्स’, बारीक चिरलेला कांदा. याला ‘शेवटी’ या अर्थाच्या ‘फायनली’शी गोंधळवू नका. पहिल्यात ‘फाइन’वर जोर देऊन मग ‘ली’, दुसऱ्यात ‘फाय-न-ली’ अशी तीन अक्षरं. आणि यंत्र नीट चालतंय हे सांगताना ‘ली’ लावायचा नाही: ‘द पंप इज वर्किंग फाइन.’ ‘वर्किंग फाइनली’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘चला, एकदाचा सुरू झाला’ असं वाटेल. पाण्याच्या टँकरच्या दिवसांत तेही खरं असू शकतं म्हणा.

क्रिकेटवाल्यांना ‘फाइन लेग’ माहीतच आहे. तिथे फाइन म्हणजे फलंदाजाच्या पाठीमागे, खेळपट्टीच्या लांबीच्या रेषेला जवळ, बारीक कोनात. ‘स्क्वेअर’ म्हणजे त्या रेषेला काटकोनात. क्षेत्ररक्षकाला ‘गो फाइनर’ म्हटलं की त्याने त्या रेषेकडे सरकायचं.

हवेतल्या धुळीला हाच शब्द. पीएम २.५ म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान कण, त्यांना ‘फाइन पार्टिकल्स’ म्हणतात. हवेच्या दर्जाचा अंदाज देणारी ‘सफर’ ही यंत्रणा पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने उभी केली. तिच्या इंग्रजी मजकुरात ‘फाइन’ दिसला तर ‘हवा छान आहे’ असा अर्थ लावू नका, तो बरोबर उलटा निघेल. हवामानाच्या अंदाजात मात्र ‘फाइन वेदर’ म्हणजे कोरडी, स्वच्छ हवा. भारतीय हवामान खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आलं, त्या जागेला अजून लोक सिमला ऑफिस म्हणतात. जुलैत तिथल्या चौकात उभं राहून ‘अ फाइन स्पेल’ला मराठी शब्द शोधायचा तर तो तयारच आहे: उघडीप.

सोन्याच्या बाबतीत फाइन म्हणजे शुद्ध. हॉलमार्कवर ९१६ लिहिलेलं असतं ते हेच मोजमाप, इंग्रजीत ‘फाइननेस’. हजार भागांत ९१६ भाग सोनं, बाकी तांबं, चांदी वगैरे. २२ भागिले २४ केलं की तोच आकडा येतो. १८ कॅरटला ७५०. म्हणून लक्ष्मी रोडवर २२ कॅरटची दहा ग्रॅमची बांगडी मोडीला दिली आणि सराफाने ‘फाइन किती भरतंय ते बघू’ म्हटलं, तर तो नक्षीचं कौतुक करत नाहीये, त्यात शुद्ध सोनं सुमारे ९.१६ ग्रॅम निघेल हा हिशोब करतोय.

‘फाइन आर्ट्स’ला आपण ललित कला म्हणतो, पण दोन्हींचा पसारा अगदी सारखा नाही. इंग्रजीत फाइन आर्ट्स म्हटलं की आधी चित्रकला, शिल्पकला डोळ्यांसमोर येते. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नृत्य, नाट्य, संगीत शिकवतात आणि त्याचं इंग्रजी नाव सेंटर फॉर परफॉर्मिंग आर्ट्स असं आहे. तिथे शिकणाऱ्याने इंग्रजी बायोडेटात ‘फाइन आर्ट्स’ लिहिलं तर वाचणारा त्याच्याकडून चित्रं मागेल.

‘फाइन प्रिंट’ म्हणजे करारातली ती मुंगीएवढ्या अक्षरांतली कलमं, जी फ्लॅट बुक करताना कुणी वाचत नाही. वाचा.

पायरी ६: दंड

लॅटिनमधला ‘फिनिस’ म्हणजे शेवट, सीमा. त्यातूनच फायनल, फिनिश, फायनान्स आले आणि फाइनचे दोन्ही अर्थही. जे शेवटच्या टोकापर्यंत नेऊन पूर्ण केलं ते उत्तम, नाजूक, शुद्ध. आणि जी रक्कम दिली की प्रकरण मिटलं, ती रक्कम म्हणजे फाइन. ‘पावती फाडली आणि विषय संपवला’ असं आपण सिग्नलवर म्हणतो, तेव्हा त्या शब्दाचा जुना अर्थ नकळत बरोबर सांगत असतो.

वाक्यरचना एकच पक्की करा. मराठीत ‘माझ्याकडून दंड घेतला’ म्हणतो म्हणून ‘दे टुक फाइन फ्रॉम मी’ असं तोंडात येतं. सहज इंग्रजी असं: ‘आय वॉज फाइन्ड फाइव्ह हंड्रेड रुपीज फॉर जंपिंग अ सिग्नल.’ आधी माणूस, मग रक्कम, मग ‘फॉर’ लावून गुन्हा. नाम म्हणून हवं असेल तर ‘आय हॅड टु पे अ फाइन’. त्यातला ‘अ’ गाळू नका, कारण हा फाइन मोजता येतो. ‘फाइन्ड’चा उच्चार सापडणे या अर्थाच्या ‘फाइंड’सारखाच होतो, म्हणून लिहिताना स्पेलिंगकडे लक्ष द्या.

सोसायटीच्या फाटकावर इंग्रजी पाटी लावायची असेल तर ‘पार्किंग फाइन’ एवढंच लिहू नका. ‘इथे लावा, चालेल’ असं वाचणारा कुणीतरी भेटतोच, आणि आपल्या गावात तो वाद घालायलाही थांबतो. ‘नो पार्किंग. फाइन: रुपीज फाइव्ह हंड्रेड’ असं लिहा.

दंडाला मराठीत एकच शब्द पुरतो, इंग्रजीत कागदोपत्री फरक करतात. काटेकोर अर्थाने ‘फाइन’ ही न्यायालयाची शिक्षा. भारतीय न्याय संहितेत कैद, समाजसेवा यांच्या पंक्तीला ती आहे. एखादं खातं कर किंवा नियम चुकल्याबद्दल लावतं ते बहुधा ‘पेनल्टी’. आयकराचं विवरणपत्र उशिरा भरलं की लागते ती ‘फी’. बोलताना सगळ्याला फाइन म्हटलं तरी कुणी अडवत नाही, पण अर्ज किंवा अपील लिहिताना नोटिशीत जो शब्द असेल तोच उचला.

पायरी ७: सराव

खालच्या मराठी वाक्यांपुढचं इंग्रजी झाकून ठेवून आधी स्वतः इंग्रजीत म्हणा, मग पुढचं वाचा. मनात नको, मोठ्याने.

‘उद्या भेटू, माझी हरकत नाही.’ आय ॲम फाइन विथ दॅट, लेट्स मीट टुमॉरो.

‘आणखी भात नको, पोट भरलं.’ आय ॲम फाइन, थँक यू. इट वॉज डिलिशस.

‘तुमची मुलगी फार सुंदर गायली.’ युअर डॉटर सँग ब्यूटिफुली. फाइन कुठेही नाही.

‘लिफ्ट आता नीट चालतेय.’ द लिफ्ट इज वर्किंग फाइन नाऊ.

‘कोथिंबीर बारीक चिरा.’ चॉप द कोरिअँडर फाइनली.

‘दोन दिवस ताप होता, आता बरी आहे.’ आय हॅड अ फीवर फॉर टू डेज, बट आय ॲम फाइन नाऊ.

‘नो पार्किंगमध्ये गाडी लावली म्हणून दंड बसला.’ आय वॉज फाइन्ड फॉर पार्किंग इन अ नो-पार्किंग झोन.

हे जमलं की तुमच्या फोनमधले जुने इंग्रजी मेसेज उघडा आणि त्यात ‘फाइन’ शोधा. प्रत्येकाच्या जागी ‘चालेल’, ‘असू दे’, ‘नको’ आणि ‘असो’ यांतलं काय बसतं ते ठरवा. ज्या ठिकाणी तुम्हाला ‘चालेल’ म्हणायचं होतं आणि वाचताना ‘असो’ ऐकू येतंय, ती वाक्यं वहीत उतरवा आणि प्रत्येकाला ‘दॅट्स’ व पुढे तीन-चार शब्द जोडून पुन्हा लिहा. असे मेसेज बॉसला किंवा क्लायंटला गेलेले असतील, तर त्यांच्यापासूनच सुरुवात करा.